अण्णांचा एकोणीस नंबर: दुरुस्त करायचा की विकायचा?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर भिंगारहून एका ताईंचा फोन आला. घराला रंग द्यायचा होता, त्यासाठी माळा रिकामा करणं चाललं होतं आणि माळ्यावर त्यांच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, रेडिओ होते. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली.

"ते हॅम होते. तुम्ही जुन्या वायरलेसवर पीएचडी करता असं कळलं म्हणून फोन केला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेलीत. एक म्हणतो आहे तसा द्या. दुसरा म्हणतो दुरुस्त करून, हिरवा रंग मारून द्या, दुप्पट देतो. आणि आई म्हणते भंगारात घाला, पण माळा मोकळा करा. तुम्हीच सांगा आता काय करायचं."

खरं सांगायचं तर मी गडबडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेलं वायरलेसचं सामान महाराष्ट्रात कुणाच्या हाती गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पण माझं काम कागदांवरचं: परवाने, नियम, जुनी मासिकं. "ठेवू की विकू" असा प्रश्न कागद कधी विचारत नाहीत. तरी गेले. त्या दिवशी आणि नंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत जे कळलं, ते इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न फक्त त्या एका घराचा नाही.

माळ्यावर काय होतं

आधी हॅम म्हणजे कोण ते सांगते. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या बिनतारी संचावरून जगभरातल्या दुसऱ्या हौशी मंडळींशी बोलणारा माणूस म्हणजे हॅम. यात पैसे मिळवायचे नसतात, गाणी लावायची नसतात. प्रत्येकाला एक संकेतनाव असतं. आपल्याकडची बरीचशी 'व्हीयू२' नं सुरू होतात.

अण्णांच्या सामानात तीन गोष्टी होत्या. एक, दीड फूट लांबीचा लोखंडी डबा, एकट्यानं खाली घेतला तर कंबर धरेल असा. दोन, १९८०च्या दशकातला जपानी ट्रान्सीव्हर, प्लास्टिकच्या कव्हरात नीट गुंडाळलेला. आणि तीन, एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात मोर्स की, लॉगबुकं, दोन वह्या आणि पत्त्यांच्या कॅटसारखी बांधलेली क्यूएसएल कार्डं. दुसऱ्या हॅमशी बोलणं झालं की त्याची पोच म्हणून पाठवतात ती ही कार्डं.

दोन्ही गिऱ्हाइकांचा डोळा लोखंडी डब्यावर होता. त्याच्या पुढच्या पट्टीवर प्रत्येक खटक्याचं नाव इंग्रजीत आणि त्याच्याशेजारी रशियन लिपीत कोरलेलं. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की हा आपल्या नगरच्या रशियन रणगाड्यातला वायरलेस. रंग मारून मागणाऱ्याला हीच गोष्ट हवी होती. "नगरच्या रणगाड्यातला" म्हटलं की भाव चढतो.

गोष्ट पटण्यासारखीच आहे. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. इंग्रजांच्या काळापासून इथे चिलखती दलाचं प्रशिक्षण चालत आलंय, १९४८ मध्ये आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा इथे एकत्र झाली, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. भारतानं पुढे रशियन रणगाडे घेतले हेही खरं. पण डबा रशियन नाही.

तो 'वायरलेस सेट नंबर १९'. ब्रिटनमधल्या पाय कंपनीनं युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत रणगाड्यांसाठी तयार केलेला. मागणी इतकी वाढली की कॅनडा आणि अमेरिकेतल्या कारखान्यांतही तो बनू लागला. कॅनडात बनलेले बरेच सेट मित्रराष्ट्र म्हणून सोव्हिएत रशियाला द्यायचे होते, म्हणून पट्टीवर दोन लिप्या. त्यातले सगळेच काही रशियाला गेले नाहीत. म्हणजे भिंगारच्या माळ्यावर रशियन अक्षरं आली ती कॅनडामार्गे, आणि भारतानं रशियन रणगाडे घेण्याच्या कितीतरी आधीची.

हौशी लोकांना हाच डबा का हवा होता

एकोणीस नंबरच्या पोटात तीन कामं होती: लांबच्या संदेशांसाठी 'ए' संच, मैलभराच्या आतल्या रणगाड्यांशी बोलायला 'बी' संच, आणि एकाच रणगाड्यातल्या माणसांना आपसांत बोलायला इंटरकॉम. यातला 'ए' संच २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालतो. हॅमना दिलेल्या पट्ट्यांपैकी ८० मीटर आणि ४० मीटर या दोन्ही त्यात बसतात. नाशिक, पुणे, मुंबई, बेळगाव अशा अंतरांवर बोलायला दिवसा ४० मीटरची पट्टी उत्तम. वर शेवटच्या टप्प्याला '८०७' नावाची दणकट व्हॉल्व्ह. म्हणजे युद्ध संपल्यावर हौशी माणसाला जे जे हवं होतं ते एकाच डब्यात तयार मिळत होतं.

युद्ध संपण्याआधी मात्र त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. आपल्याकडे ही हौस १९२०च्या दशकात सुरू झाली. मुंबईच्या रेडिओ क्लबनं जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रसारित केले, तेव्हा सरकारी आकाशवाणीचा पत्ताही नव्हता. मग १९३३ मध्ये वायरलेस कायदा आला आणि परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं बाळगणं हाच गुन्हा ठरला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी परवानाधारकांना आपापले प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करायचे आदेश निघाले.

१९४२ मध्ये नगरच्या किल्ल्याचा या कथेशी संबंध येतो. ९ ऑगस्टला काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत पकडून नगरच्या किल्ल्यात आणलं: नेहरू, पटेल, आझाद, आपले शंकरराव देव. मौलाना आझादांनी आठवणींत लिहिलंय की त्यांच्यासोबत कायम एक छोटा रेडिओ असायचा. किल्ल्यात बाकीचं सामान त्यांच्याकडे राहू दिलं, रेडिओ तेवढा काढून घेतला, आणि तो सुटकेपर्यंत परत दिसला नाही. तो नुसता ऐकायचा रेडिओ होता, तरीही.

त्याच महिन्यांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. नेते नगरला बंद, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप, म्हणून ही धडपड. प्रक्षेपक उभा करायला मदत केली ती नरिमन प्रिंटर या हौशी वायरलेसवाल्यानं. जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत रेडिओ चालला. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्यानंच त्यांना शेवटच्या जागेपर्यंत नेलं. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून अण्णा परवाना देवघरात ठेवायचे होय!" देवघरात का, ते मला माहीत नाही. पण यंत्राला कागदाचं कवच लागतं ही जाण त्या पिढीला पक्की होती. स्वातंत्र्यानंतरही १९३३ चा कायदा तसाच राहिला. सरकार बदललं, वायरलेसकडे संशयानं बघायची नजर बदलली नाही.

डबा वाचायचा कसा

१९४७ नंतर देशात हॅम मूठभर होते. परदेशी यंत्र मागवणं बहुतेकांच्या ऐपतीबाहेर. त्यावरचं आयातशुल्क भारी आणि परकीय चलनाची चणचण. मग उरला लष्करी भंगाराचा बाजार. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार. तिथे मिळेल ते घ्यायचं आणि घरी आणून आपल्या कामाचं करून घ्यायचं.

"करून घ्यायचं" म्हणजे काय, ते अण्णांचा डबा उघडल्यावर कळलं. (प्लग लावला नाही, नुसतं झाकण काढलं.) रणगाड्यात हा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, सोबतची फिरती यंत्रणा त्यातून शेकडो व्होल्ट तयार करायची. घरी कुठली रणगाड्याची बॅटरी? अण्णांनी निरुपयोगी 'बी' संच काढून टाकला आणि त्या रिकाम्या जागेत घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बसवला. तो हातानं गुंडाळलेला आहे. थरांमध्ये मेणकागद दिसतो. पुढे एका जागी मूळची आठ पिनांची व्हॉल्व्ह नाही. भोकावर पत्रा ठोकून, त्याला लहान भोक पाडून नऊ पिनांची छोटी व्हॉल्व्ह बसवलीय, तिच्यावर बी.ई.एल.चं नाव. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्ह बाजारात यायला लागल्या त्या १९६०च्या दशकात. म्हणजे हा बदल त्यानंतरचा, वहीत तारीख नसती तरी सांगता आलं असतं.

पण वही होती. पहिल्याच पानावर १९६४ साल, "जुना बाजार, पुणे, १९ नं. एक", आणि किंमत, ती मात्र पाणी पडून फुटलीय. म्हणजे डबा नगरच्या रणगाड्यातून निघून थेट भिंगारला आला, या गोष्टीला वहीत काही आधार नाही. पुण्याच्या बाजारात तो कुठून आला ते वही सांगत नाही.

आणखी एक गंमत. परवाना १९६६ चा आहे. खरेदी १९६४ ची. मधली दोन वर्षं डबा कायद्यानं घरात असायला नको होता. ताई हसल्या, आई मात्र गंभीर झाल्या. "तेव्हा तो पलंगाखाली असायचा," एवढंच म्हणाल्या.

दुरुस्त करणं म्हणजे नेमकं काय

आता मूळ प्रश्नाकडे येते. "दुरुस्त करा" या दोन शब्दांत तीन वेगवेगळी कामं लपलेली असतात, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

पहिलं, चालू करणं. जुन्या सेटला थेट प्लग लावणं हा सगळ्यात महाग मोह. वर्षानुवर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात, कागदी कंडेन्सर गळतात; पूर्ण वीज मिळाली की शॉर्ट होऊन सोबत ट्रान्सफॉर्मरही जळतो. जाणकार मेकॅनिक आधी कंडेन्सर तपासतो, लागतील ते बदलतो, मग सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू वीज चढवतो. यात शेकडो व्होल्टचा खेळ आहे, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज उरते, तेव्हा हा घरी करून बघायचा प्रकार नाही. युद्धकाळातल्या काही मीटरांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. तो खरवडायचा नाही.

दुसरं, मूळ रूपात आणणं. ब्रिटन-कॅनडात एकोणीस नंबरचे शौकीन आहेत, ते मूळ सुटे भाग शोधून सेट १९४२ मध्ये होता तसा करतात. तिथे ते योग्यच. पण अण्णांच्या डब्याला हा न्याय लावला तर काय होईल? हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जाईल, पत्र्याचा तुकडा जाईल, बी.ई.एल.ची व्हॉल्व्ह जाईल. हिरवा रंग लागला की उरेल एक चकचकीत कॅनेडियन सेट. तसे जगात भरपूर आहेत. १९६०च्या दशकात भिंगारमध्ये बसून, टंचाईच्या दिवसांत, एका माणसानं युद्धाच्या यंत्राचं बोलायचं यंत्र कसं केलं याचा पुरावा मात्र कायमचा जाईल. माझ्या दृष्टीनं त्या डब्यात कॅनडाचा इतिहास थोडा आणि महाराष्ट्राचा जास्त आहे. तो सगळा या ओबडधोबड सोल्डरिंगमध्ये आहे.

तिसरं, आहे तसं टिकवणं. धूळ काढायची, गंज थांबवायचा, ओल लागणार नाही असं ठेवायचं, जे बदलायचं ते परत फिरवता येईल असं बदलायचं आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायचा. यात पैसे कमी लागतात, पण विकताना भावही कमी येतो. बाजाराला चमक हवी असते.

विकणं म्हणजे काय

विकण्यातही अडचण आहे. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना संरक्षण देतो. युद्धकाळातला रेडिओ अजून तिथे पोचलेला नाही, त्यामुळे तो फोडून तांबं विकलं तरी कुणी अडवणार नाही. उलट प्रक्षेपक म्हणून तो परवान्याच्या कायद्यात येतो. १९३३ च्या कायद्याची जागा घ्यायला आणलेला २०२३ चा दूरसंचार कायदाही रेडिओ उपकरण बाळगायला सरकारी परवानगी मागतोच. म्हणजे एक कायदा म्हणतो ही जपायची वस्तू नाही, दुसरा म्हणतो ही लक्ष ठेवायची वस्तू आहे. घरच्यांनी काय करायचं? परवानाधारक वारला की यंत्र वारसांकडे येतं, परवाना येत नाही. म्हणून प्रक्षेपक द्यायचा तर परवाना असलेल्या हॅमलाच, लेखी, आणि खात्याला कळवून. दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला नाही. हे मी सांगितलं तेव्हा दोन्ही गिऱ्हाइकांकडे परवाना आहे का हे कुणी विचारलंच नव्हतं असं निघालं. विचारल्यावर रंगवाला परत आला नाही.

मग जपानी सेटचं काय

इथे माझाच अंदाज चुकला. माझं सगळं लक्ष लोखंडी डब्यावर होतं. जपानी ट्रान्सीव्हर मी जवळजवळ बाजूलाच सारला होता. १९८४ मध्ये हॅमच्या यंत्रांवरचं आयातशुल्क उठलं. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू२आरजी या नावानं. त्यानंतर अशी तयार यंत्रं आपल्याकडे येऊ लागली आणि घरी जुळवलेले डबे माळ्यावर गेले. माझ्या प्रबंधाच्या दृष्टीनं कथा इथे संपते.

ताईंनी लॉगबुक काढलं. हॅमला प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते: तारीख, वेळ, पट्टी, समोरच्याचं संकेतनाव. एरवी पानागणिक आठ-दहा ओळी असायच्या. ३० सप्टेंबर १९९३ पासून पुढची पानं मात्र गच्च भरलेली. त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, आणि तिथून निरोप बाहेर काढायला हॅम मंडळींनी मदत केली होती. अण्णा किल्लारीला गेले नव्हते. ते भिंगारमध्ये या जपानी सेटसमोर बसून ऐकत होते आणि अधूनमधून एखादा निरोप पुढे देत होते. ताई तेव्हा दहावीत होत्या. "आई त्यांना तिथेच ताट नेऊन द्यायची," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी अण्णांचा रेडिओ म्हणजे हा. तो लोखंडी मी चालू असलेला कधी बघितलाच नाही."

बाजार एका डब्याला किंमत देत होता, मी त्याच डब्याला वेगळ्या कारणानं किंमत देत होते, आणि घराची किंमत तिसरीकडेच होती. हे मला कुठल्याही फाइलीत सापडलं नसतं.

शेवटी काय ठरलं

जपानी सेट तपासून घेतला तर किरकोळ दुरुस्तीत चालू होणारा निघाला. तो परवाना असलेल्या एका तरुण हॅमला दिला, रास्त किमतीत. मला वाटलं होतं ताई तो ठेवून घेतील. पण आईच म्हणाल्या, "बोलायचं यंत्र आहे, बोलणाऱ्याकडे जाऊ दे." किल्लारीच्या पानांचे स्कॅन त्याच्याकडेही दिले. मूळ लॉगबुक घरात राहिलं.

लोखंडी डबा विकला नाही, चालूही केला नाही, रंगवलाही नाही. आतून-बाहेरून फोटो काढले, वहीतल्या आकृत्यांशी जुळवून प्रत्येक बदलाची यादी केली. चालू अवस्थेत नसला तरी तो प्रक्षेपकच, म्हणून ज्या हॅमनं जपानी सेट घेतला त्याच्याच नावावर कागदोपत्री दिलाय. वही आणि यादी त्याच्यासोबतच राहील या अटीवर. एखाद्या संग्रहालयानं मागितला तर जायची तयारी आहे. हा निर्णय आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पैसे कमी आले. आईंचा माळा तेवढा मोकळा झाला.

तुमच्या घरी असं काही निघालं तर माझं एवढंच सांगणं. प्लग लावू नका. यंत्राच्या आधी कागद शोधा: परवाना, लॉगबुक, वह्या, कार्डं. यंत्र आणि कागद वेगळे होऊ देऊ नका, कारण वेगळे झाले की यंत्र मुकं होतं आणि कागद रद्दीत जातात. जे अजून काम करतं ते काम करणाऱ्याला द्या. ज्याच्यावर घरच्या माणसाच्या हाताच्या खुणा आहेत, त्याला कुणी "मूळचं" करून देतो म्हणाला तर आधी विचारा: मूळचं म्हणजे कुणाचं?